काच कळकली

रागावली की रोझीमावशी भांडी घासायला घेते. घरी असली तर तवा-कढई, कॉलेजात असली तर परीक्षानळ्या. त्या सोमवारी अकराच्या आत तिनं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या साठ परीक्षानळ्या, वीस चंचुपात्रं आणि कुणी न सांगता चार मोठे फ्लास्क घासून पालथे घातले. दारात उभ्या शिपाई रंगनाथनं तेवढ्यावरून ओळखलं की आज या बाईच्या वाटेला जाण्यात शहाणपण नाही. पण त्याच्या हातात कागद होता आणि कागद तिलाच द्यायचा होता.

"मावशी, वाबळे सरांनी दिलाय. खाली सही करायची, बस. मी नेऊन देतो."

रोझीनं पदराला हात पुसले, दोरीनं गळ्यात लटकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कागद वाचला. मग परत वाचला. तिसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत होते. कुठलाही कागद तीनदा वाचायची ही सवय वडिलांची. जेम्स कंपाउंडर म्हणून सगळं पुणतांबं त्यांना ओळखायचं. दवाखान्यातली बाटली उचलताना ते एकदा चिठ्ठी वाचत, ओतताना एकदा, आणि परत फळीवर ठेवताना एकदा. "पोरी, विष आणि औषध शेजारी शेजारी ऱ्हातात," ते म्हणायचे, "मधी फक्त चिठ्ठी असती."

कागदावर टाइप केलेलं होतं: 'एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीच्या हातास झालेली इजा ही रसायनाच्या अयोग्य साठवणुकीमुळे झाली असून, सदर निष्काळजीपणा प्रयोगशाळा परिचर श्रीमती रोझी थॉमस भालेराव यांचा आहे व तो त्यांना मान्य आहे.' खाली एक मोकळी रेघ. सहीसाठी.

"मान्य हाय म्हनं," रोझी हळूच म्हणाली. "मला इचारायच्या आधीच मला मान्य हाय!"

"सर म्हनले, काय होत न्हाई. नुसता फायलीला लावायचा कागद हाय. निवृत्तीला सव्वा वर्ष ऱ्हायलं तुमचं, कशाला—"

"कुनाला काय होत न्हाई, रंगनाथ? त्या पोरीच्या बोटाला?"

रोझीनं कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये खोचली आणि पाचवा फ्लास्क घासायला घेतला.

एकतीस वर्षं ती या प्रयोगशाळेत होती. पुणतांब्याहून सकाळी जीपनं राहात्याला यायचं, प्रयोगशाळेचं कुलूप काढायचं, गॅसच्या नळ्या बघायच्या, पाण्याचा नळ टपकतोय का बघायचं, मग खिडक्या. शिकलेली बारावीपर्यंत, पण कुठलं आम्ल कुठल्या खणात आणि कुणाच्या शेजारी कोण चालत नाही, हे तिला पाठ. नव्या मास्तरांना ती हसून सांगायची, "सासवा-सुनांसारखं असतं, सर. एका फळीवर ठेवल्या की रोज कटकट." नवे मास्तर हसायचे आणि ऐकायचे. काही ऐकायचे नाहीत.

ऐकणाऱ्यांतल्या एक पंकजा मॅडम. तरुण, चटपटीत, बोलताना हात फार हलवायच्या. त्यांनी संशोधनासाठी एक रसायन मागवलं. पांढऱ्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत, बाहेर डबा, डब्यात फेस, असं लेकीला सासरी पाठवावं तसं नटून-थटून आलं. बाटली उघडून मॅडमनी तिला दाखवलं. काकवीपेक्षा जरा पातळ, फिकट, जवळजवळ पाण्यासारखंच. पण बाटली तिरकी केली की आळसटल्यासारखं सरकणारं.

"मावशी, हे मीठ आहे."

"मीठ? आन् पातळ?"

"हो. आपलं मीठ वितळायला भट्टी लागते. हे साध्या हवेतही वितळलेलंच राहतं. याला आयॉनिक लिक्विड म्हणतात. वास घेऊन बघा." मग लगेच हात आडवा धरून, "नको, घेऊ नका! सांगायचं एवढंच की वास नाहीच. वाफ होत नाही, काडी लावली तर पेटत नाही. म्हणून लोक याला 'ग्रीन' म्हणतात. हिरवं. गरीब. तुम्ही लोकांचं ऐकू नका."

"गरीब गाय पोटात पाय," रोझी म्हणाली.

मॅडम खळखळून हसल्या. मग त्यांनी नीट समजावलं. या रसायनात फॉस्फरस आणि फ्लोरिन यांची जोडी आहे. कोरडं ठेवलं तर वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं राहील. ओल लागली, वर ऊब मिळाली, की जोडी हळूहळू सुटते आणि त्यातून जे आम्ल निघतं ते काच खातं. माणसाच्या अंगावर पडलं तर ते लगेच दुखतही नाही. कातडीतून आत उतरतं आणि हाडातलं कॅल्शियम शोधत जातं. दोन-चार तासांनी ठणका लागतो, तोवर उशीर झालेला असतो.

"म्हंजे आमच्याकडं पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, तसं?"

"अगदी तसं, मावशी! फक्त इथं काच कळकते."

त्या दिवसापासून ती बाटली डेसिकेटरमध्ये गेली. म्हणजे जाड काचेच्या झाकणाच्या मोठ्या भांड्यात. तळाशी निळे खडे, हवेतली ओल पिणारे. खडे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर पाणी प्यायलं असं समजायचं. मग रोझी ते ओव्हनमध्ये भाजायची, रवा भाजावा तसे, मंद, धीरानं, पुन्हा निळे होईस्तोवर. बाटलीच्या झाकणावरून पारदर्शक पट्टीचे तीन वेढे. शिवाय मॅडमनी एक कागद मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: काय करायचं, काय करायचं नाही, अंगावर सांडलं तर काय. आणि प्रथमोपचाराच्या पेटीत एक मलमाची नळी ठेवली, कॅल्शियम ग्लुकोनेटची. "ही एक नळी माझ्या सगळ्या थिसिसपेक्षा महत्त्वाची आहे, मावशी." लहानपणी रविवारच्या शाळेत स्तोत्रं पाठ केली तसा रोझीनं तो कागद पाठ केला.

दोन वर्षांनी पंकजा मॅडम पुण्याला नोकरीवर गेल्या. कागद राहिला, बाटली राहिली, आणि विभागप्रमुख डॉ. कल्याण वाबळे राहिले.

वाबळे सर वाईट माणूस नव्हेत. पोरांना फी भरायला मदत करत, गावच्या जत्रेला वर्गणी देत. पण त्यांना दिसण्याचं फार. बाहेरून तपासणी समिती यायची म्हटली की ते झाडांच्या कुंड्यांनाही गेरू लावून घेत.

आता इथंच ती गोष्ट घडली. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगर धुतो, टेम्पोवाला टेम्पो धुतो, शिंपी मशीन पुसतो. कॉलेजातही प्रयोगशाळेतली उपकरणं धुऊन-पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची फुलं ठेवून पूजा होते. रोझी ख्रिस्ती असली तरी दरवर्षी हार तीच ओवायची. "वर्षभर ही काचसामानं राबतात, एक दिवस त्यांचा," असं तिला मनापासून वाटायचं. फक्त तिचा एक नियम होता. तराजू, बर्नर, काचेची रिकामी भांडी खुशाल धुवा. भरलेल्या बाटल्यांना पाणी नाही. त्यांना कपाटाच्या दारावरूनच कुंकू.

त्या वर्षी खंडेनवमीला ती नव्हती. केडगावला तिची लेक शॅरन बाळंत झाली होती, म्हणून रजा टाकून चार दिवस गेली होती. जाताना किल्ल्या सरांच्या टेबलावर ठेवल्या. परत आली तर प्रयोगशाळा ओळखू येईना. कपाटांना पिस्ता रंग. सगळी रसायनं एकसारख्या काचेच्या बाटल्यांत, एका मापाच्या, एका रांगेत, छापील चिठ्ठ्या लावून. डेसिकेटर धुऊन लख्ख करून खिडकीत शोभेला ठेवलेला, आत निळे खडे नाहीत, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. मॅडमचा कागद रंगवताना खरवडून टाकलेला. आणि ते पातळ मीठ एका काचेच्या बाटलीत, ओव्हनच्या वरच्या फळीवर. चिठ्ठीवर इंग्रजीत 'ग्रीन सॉल्व्हंट', शेजारी पानाचं चित्र. बाटलीच्या खांद्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं.

"सर, हे काचेत चालत न्हाई," ती म्हणाली होती. "आन् पुसताना पानी लागलं आसंल—"

"मावशी, ती पांढरी बाटली फिनेलच्या बाटलीसारखी दिसत होती. समितीला काय दाखवणार? फिनेल?" सर हसले. शेजारचे दोन मास्तरही हसले. "अहो, ग्रीन आहे ते. पर्यावरणपूरक. तुम्ही हार ओवा, केमिस्ट्री आमच्यावर सोडा."

आणि ती गप्प बसली. हेच तिला आता टोचत होतं. एकदा बोलली, एकदाच. मग नातवाचं बारसं आलं, नाताळ आला, पोरांचे प्रॅक्टिकल आले. बाटलीला तिनं हात लावला नाही, पण बाटली हलवलीही नाही. कार्तिक गेला, माघ गेला. पत्र्याच्या छपराखालची खोली चैत्रात भट्टीसारखी तापायला लागली, खाली ओव्हन रोज चालू.

मागच्या बुधवारी संस्कृतीनं ती बाटली खाली काढली.

संस्कृती पाथर्डीकडची. आई-बाप कारखान्यावर उसतोडीला जायचे, ही आजीजवळ शिकली. आता इथं वसतिगृहात राहून एम.एस्सी. करत होती. गावात या शिक्षणापर्यंत पोचलेली पहिलीच पोरगी, आणि रोझीमावशीची लाडकी, कारण ती चिठ्ठी वाचल्याशिवाय बाटली उचलत नसे. पण चिठ्ठीवर पानाचं चित्र होतं. आणि हातमोज्यांचा खोका समितीसाठी नवा दिसावा म्हणून सरांच्या केबिनमध्ये बंद होता.

रोझी दाराशी होती. लांबूनच तिला दिसलं, बाटली धुरकट. थंडीत सकाळी गाडीची काच धुरकटते तशी; पण हे धुकं आतल्या बाजूला.

"संस्कृती! ठेव खाली! उघडू नको!"

बूच चिकटलं होतं, पोरीनं जोर लावला होता. ओरडा ऐकून ती दचकली, बूच सुटलं आणि थेंब-दोन थेंब तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर उडाले.

"काही नाही मावशी, दुखत नाही."

"म्हनूनच भ्याव वाटतंय!" रोझीनं तिचं मनगट धरून नळाखाली ओढलं. पंधरा मिनिटं घड्याळ लावून पाण्याची धार. मग भांडी घासायचे आपले जाड रबरी मोजे चढवून मलमाची नळी पिळली आणि बोटांवर चोळत राहिली. नळीची मुदत सरून चार महिने झाले होते. तिनं देवाचं नाव घेतलं आणि चोळत राहिली.

वाबळे सर आले. बोटं बघितली. किंचित गुलाबी, बस. "मावशी, पोरीला उगाच घाबरवू नका. साबणानं धू गं. संध्याकाळपर्यंत रीडिंग पाहिजेत मला."

"सर, दवाखान्यात न्यायला लागंल. आत्ताच. कॉलेजची गाडी द्या."

"गाडी समितीच्या कामाला गेलीय. आणि कशासाठी? गुलाबी बोटासाठी?"

दीड वाजता संस्कृती टेबलावर डोकं टेकून बसली. दोन वाजता ती म्हणाली, "मावशी, आतून कुणीतरी सुई फिरवतंय." अडीच वाजता तिला बोलता येईना. रोझीनं कुणालाच विचारलं नाही. रस्त्यावर जाऊन, आडवी उभी राहून एक पेरूचा टेम्पो थांबवला, पोरीला पुढं बसवलं, आणि जाता जाता पाठ केलेल्या त्या कागदातलं रसायनाचं नाव, आम्लाचं नाव, मलमाचं नाव पाठकोऱ्या पावतीवर लिहून काढलं. शिर्डीच्या दवाखान्यात पोरसवदा डॉक्टरनं बोट बघून विचारलं, "भाजलेलं तर दिसत नाही?" रोझीनं पावती त्याच्या नाकासमोर धरली. "दिसत न्हाई तेच तर दुखनं हाय. हे वाचा. मोठ्यानं वाचा." त्यानं वाचलं, त्याचा चेहरा बदलला आणि तो आतल्या मोठ्या डॉक्टरकडे पळाला. बोटात कॅल्शियमची इंजेक्शनं झाली. तर्जनीचं नख काढावं लागलं. बोट वाचलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "पाण्याखाली धरलं आणि मलम लावलं म्हणून वाचलं. कुणी केलं ते?"

कुणी केलं ते. आणि सोमवारी हा कागद!

दुपारी आणखी एक वादळ आलं. संस्कृतीची आई लंकाबाई थेट तोडीच्या फडातून आलेली. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, तळहात उसाच्या पाचटानं चिरलेले. फाटकावर कुणीतरी तिला सांगितलं होतं की लॅबच्या बाईच्या हलगर्जीपणामुळं झालं.

"कोन ती रोजी?" ती दारातूनच गरजली. "पुढं यी! माझ्या लेकराच्या हातावर इख वतलंस व्हय गं? मी कोयता धरते त्यो तिच्या हातात यऊ नये म्हनून धरते! आन् तू तिचा हातच—"

"आई!" मागून संस्कृती धापा टाकत आली, उजव्या हाताला पांढरं बँडेज. "आई, हिनंच वाचवला हात. मी फोनवर सांगितलं ना तुला?"

लंकाबाई थबकली. रोझीकडे बघितलं, बँडेजकडे बघितलं. मग धपकन स्टुलावर बसली. "मंग फाटकावरचा त्यो मेला काय बरळत हुता?"

रोझीनं ब्लाउजमधला कागद काढला आणि संस्कृतीला वाचून दाखवायला सांगितला. लंकाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुला मान्य हाय?"

"न्हाई."

"मंग बसलीस काय घासत? चल की!"

प्राचार्यांच्या केबिनमध्ये वाबळे सर बसलेलेच होते. तिघींना एकदम आत आलेलं बघून त्यांनी खुर्चीत बूड सावरलं. "या मावशी. सही झाली का? बसा. अहो, हा केवळ उपचार आहे. कुठंतरी जबाबदारी निश्चित करावी लागते. तुमच्या पगाराला धक्का नाही, निवृत्तीला धक्का नाही."

"नावाला?"

"काय?"

"माझ्या नावाला धक्का हाय का न्हाई, सर?" रोझीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असा होता. "आन् नाव ऱ्हाऊ द्या. ह्या कागदावर मी सही केली, की समद्यांना वाटंल बाई चुकली, बाई गेली, काम झालं. बाकीच्या बाटल्या फळीवर तशाच ऱ्हातील. पुढल्या खंडेनवमीला परत धुशिला."

"पूजेवर बोलू नका हं तुम्ही," सर चटकन म्हणाले.

ते कुठं बोट ठेवत होते, ते सगळ्यांना कळलं.

"एकतीस वर्सं हार म्या ओवला, सर," रोझी म्हणाली. "तुमी आलात त्याच्या आधी बारा वर्सं ओवत हुते. पूजेचं मला शिकवू नका. तुमच्या घरी लोणच्याच्या बरणीत वला चमचा घातला तर वहिनी काय करतील? हातावर मारतील का न्हाई? तेवढंच म्या म्हनत हुते. बरणीला कुंकू लावा, आत पानी घालू नका."

प्राचार्यांनी चष्मा काढला. ते मितभाषी गृहस्थ, भांडणात नेहमी फायलीकडे बघणारे. "ती बाटली आहे कुठं? इथं आणून दाखवाल?"

"इथं आनायची न्हाई. तुमीच चला. लांबून बघा."

सगळे प्रयोगशाळेत आले. बाटली झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत होती. त्याच बुधवारी, दवाखान्यातून परतल्यावर, जाड मोजे आणि चष्मा घालून रोझीनं ती तिथं ठेवली होती आणि भोवती कबड्डीचं मैदान आखायची चुन्याची फक्की भरली होती. खिडक्या उघड्या, बादली कुलुपाच्या कपाटात. तिनं कुलूप काढलं, मोजे चढवले, झाकण उचललं. पांढऱ्या फक्कीत बाटलीची मान आणि खांदा तेवढा वर होता. काच दुधाळ झालेली. आणि त्या धुरकट खांद्यावर, वाळून तपकिरी झालेलं, कुंकवाचं बोट.

"हे माझं बोट न्हाई," रोझी म्हणाली. "मी त्या दिवशी केडगावात नातवाला न्हाऊ घालत हुते. हजेरीपटावर रजा हाय."

"कुणीही नंतर लावलं असेल," सर म्हणाले.

तेव्हा दाराशी उभा असलेला रंगनाथ खाकरला. त्यानं मोबाईल काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि पुढं येऊन प्राचार्यांच्या हातात दिला. खंडेनवमीचा फोटो. सरांनीच कॉलेजच्या ग्रुपवर टाकलेला, 'विज्ञान आणि संस्कृतीचा संगम' असं लिहून. टेबलावर पाणी निथळणाऱ्या उघड्या बाटल्यांची रांग, बुचं बाजूला ताटात, आणि सर वाकून एकेका बाटलीला कुंकू लावताहेत. मागं केराच्या टोपलीत पांढरी प्लास्टिकची बाटली.

"बाटल्या म्या पुसल्या, साहेब," रंगनाथ म्हणाला. "वल्या फडक्यानं. सरांनी सांगितलं म्हनून. मावशींनी मला बजावलं हुतं, भरल्या बाटलीला पानी न्हाई. म्या इसरलो." त्यानं रोझीकडे बघितलं नाही. "आन् कपाटातला कागद म्याच खरवडला."

लंकाबाईनं फोटो लांबून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, फोटो मात्र वाचता आला. ती सरांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मास्तर, आमच्या फडात मुकादम बी आसंच करतो. कोयता लागतो बाईला, आन् सांगतो बाईचंच लक्ष नव्हतं. मला वाटलं शिकल्याल्या मान्सांत न्यारं आसंल."

वाबळे सरांचा चेहरा उतरला. कधी नव्हे ते त्यांनी मान खाली घातली.

"चूक माझी बी हाय," रोझी म्हणाली. "म्या एकदाच बोलले. दहादा बोलायला पायजे हुतं. तुमी हसलात म्हनून गप बसले. तेवढं लिहा, त्याच्यावर सही करते. पन ही सही न्हाई." तिनं घडीचा कागद टेबलावर ठेवला.

"मग काय करायचं म्हणता?" प्राचार्यांनी विचारलं.

"ही बाटली जानकाराला बोलावून न्यायला लावायची. बेसिनमध्ये वतायची न्हाई, मागच्या वढ्यात न्हाई. खाली लोकांच्या हिरी हायेत. ते होईस्तोवर किल्ली माझ्यापाशी. आन् मॅडमचा कागद परत लावायचा. मला पाठ हाय. मी सांगते." तिनं टेबलाच्या खणातून मोठा कागद काढला आणि पेन सरांपुढे धरलं. "लिहा."

"मी? संस्कृतीला... नाही, तिचा हात... रंगनाथ लिहील की."

"अक्षर तुमचंच पायजे, सर. पुढल्या वर्सी रंग द्यायच्या वेळी खरवडायला निघालात, तर आपलंच अक्षर बघून हात जरा अडखळंल."

रंगनाथला हसू आलं, ते त्यानं गिळलं. सरांनी पेन घेतलं.

रोझीनं डोळे मिटले आणि सांगायला लागली, मॅडमच्या शुद्ध भाषेत, एकही शब्द न चुकवता. मूळ बाटलीतच ठेवणे, काचेत ओतू नये. झाकण घट्ट, वरून पट्टी. कोरड्या, थंड, अंधाऱ्या कपाटात, डेसिकेटरमध्ये, ओव्हनपासून लांब.

"ओव्हनपासून लांब," सरांनी लिहिलं. पेन जरा थांबलं.

"थांबू नका. वास येत नाही म्हणून निरुपद्रवी समजू नये. मोजे व चष्मा घातल्याशिवाय हात लावू नये. मोजे कुठं ठेवायचे, सर?"

"...इथं. बाहेर. उघड्या खणात."

"तेबी लिहा. काच धुरकट दिसली तर बाटली उघडू नये. अंगावर उडाल्यास ताबडतोब पाण्याची धार, मग मलम, आणि दुखो वा न दुखो, दवाखाना." ती थांबली. मग आपल्या बोलीत म्हणाली, "'दुखो वा न दुखो'च्या खाली रेघ मारा. दोन मारा."

सरांनी दोन रेघा मारल्या. संस्कृती डाव्या हातानं डोळे पुसत होती.

"आता खाली सही," रोझी म्हणाली.

वाबळे सरांनी सही केली. पेन टेबलावर ठेवून ते संस्कृतीला काहीतरी म्हणणार होते, पण लंकाबाई मध्ये उभी होती आणि ती हलली नाही. "एकवार मोठ्यानं वाचा की मास्तर," ती म्हणाली, "मला न्हाई वाचता येत. माझ्या लेकीच्या हातामुळं झाल्याला कागद हाय त्यो, मला ऐकू द्या."

सरांनी वाचलं. पहिल्या ओळीपासून. प्रयोगशाळेच्या दारात जमलेल्या पोरांनीही ऐकलं.

मग प्राचार्य गेले, सर गेले, माय-लेकी उपाहारगृहात चहा प्यायला गेल्या. रंगनाथनं कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, चारी कोपऱ्यांना पट्टी लावून, आणि सहीविना राहिलेला दुसरा कागद उचलून घुटमळला.

"ह्याचं काय करू, मावशी?"

"जिथनं आनला तिथं नेऊन दे. कोरा गेला म्हनावं."

"राग गेला न्हाई व्हय अजून?"

पालथे घातलेले फ्लास्क सकाळपासून सुकून लख्ख झाले होते. रोझीनं पहिला उचलला, उजेडात धरून आतून-बाहेरून नीट न्याहाळला, आणि नळ सोडून पुन्हा घासायला घेतला.